पाण्याकाठी नाव घेत नाहीत

मी शिवऱ्याची, म्हणजे हायवेवरची. आमच्या घरापासून रस्ता इतका जवळ, की जेवताना ट्रक गेला तर ताटातली आमटी हलायची. तिथं पोरांना हाक मारायची ती पोटातून, नाव घेऊन, राग आला असेल तर आडनावासकट. नुसतं "ए" म्हणून भागत नाही. "ए" म्हटलं की दहा पोरं थांबतात आणि ज्यानं थांबायचं तोच रस्त्यावर पळत सुटतो. माझी आई आमची नावं अशी घ्यायची, की पलीकडच्या ढाब्यावरचा ड्रायव्हरसुद्धा मान वर करायचा. त्यामुळं आम्हा सगळ्या भावंडांचे गळे मोठे. मला पाहायला आले तेव्हा मी मागच्या दारी शेळीवर ओरडत होते. तो आवाज ऐकूनही यांच्याकडच्यांनी होकार दिला, याचं मला अजून नवल वाटतं.

लग्न होऊन मी भाटघरच्या धरणाकाठी आले आणि पहिल्याच आठवड्यात तोंडावर साबणाचा हात बसला. आम्ही धुणं घेऊन पाण्यावर गेलो होतो. नणंद गुडघाभर पाण्यातून पुढं पुढं चालली होती, म्हणून मी सवयीनं तिचं नाव घेऊन खच्चून हाक मारली. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या हातातली गोधडी टाकून धावत आल्या आणि फेसाच्या हातानंच त्यांनी माझं तोंड दाबलं.

"गप! पान्याकाठी नाव घेत न्हाईत."

"का वो आत्या?"

"आसरा हाईत पान्यात. त्यास्नी नाव कळलं, की त्या इसरत न्हाईत."

काठावरच्या उंबराखाली शेंदूर फासलेले सात दगड आहेत, त्या साती आसरा. पाण्यातल्या बाया. त्यांना हिरव्या बांगड्या, खण, दहीभात ठेवायचा, आणि त्यांच्या समोर कुणाचं नाव तोंडातून काढायचं नाही. मला हसू आलं होतं. तोंडावर हात होता म्हणून ते बाहेर पडलं नाही.

मग हे लोक एकमेकांना बोलावतात कसे? तर घरटी हाक ठरलेली. कुणाची शीळ, कुणाची टाळी, कुणाचं नुसतंच लांबवलेलं "होऽऽय". आमच्या घरची हाक म्हणजे जीभ टाळूला लावून दोनदा वाजवायची आणि मग "कूऽऽ". आत्या ती घालायच्या तेव्हा पार पलीकडच्या काठाला हे मान वळवायचे. मला ती कधीच नीट जमली नाही. माझ्या "कूऽऽ"ला आमची म्हैससुद्धा भाव द्यायची नाही. आणि नवऱ्याचं नाव तर आमच्यात बायका कोरड्या जमिनीवरही घेत नाहीत. उखाण्यात घेतलं, मुलीच्या बारशाला घेतलं, बास. एरवी अवो. आजकालच्या पोरी घेतात, माझी मुलगीही घेईल, तिला पुण्यात शिकायला ठेवलीय. पण माझी वीस वर्षं त्या "अवो"वरच गेली, आणि खोटं कशाला सांगू, कधी काही अडलं नाही.

मग बाग आली. आमच्या धुण्याच्या जागेला लागूनच, सरकारी उतारावर. हिरवळ लावली, झोपाळे आले, घसरगुंडी आली, फोटो काढायला सिमेंटचं मोठं लाल बदाम आलं. पाण्यात प्लास्टिकच्या डब्यांचा तरंगता धक्का टाकला आणि त्याला पायानं मारायच्या हंसाच्या तोंडाच्या बोटी बांधल्या. उंबराला कठडा केला, आसरांच्या भोवती फरशी बसवली आणि 'येथे चपला काढाव्यात' अशी पाटी लावली. आत्या म्हणाल्या, बरं झालं, पोरींच्या दारात चिखल नको. गावात सगळ्यात जास्त आनंद मला झाला. गेटच्या आत मला भज्यांची गाडी लावायला जागा मिळाली. कणसं, कांदाभजी, ताक. राजगड उतरून पायथ्याच्या पालीकडून येणारी पोरं तर अशी खायची, की जणू घरी कुणी वाढतच नाही. यांना आणि धाकट्या दिरांना बोटीवर कामाला घेतलं. धरणाकाठची माणसं, पाणी यांच्या अंगात. बागेच्या साहेबांना दुसरं काय हवं होतं?

आणि खांबावर चढले भोंगे. एकाचं तोंड गेटकडे, एकाचं हिरवळीकडे आणि एकाचं थेट पाण्याकडे.

पहिल्याच रविवारी कुणाचं तरी पोर हरवलं. तिकीट खिडकीतल्या चाचांनी माइक हातात घेतला आणि त्या पोराचं पूर्ण नाव पाण्यावर घुमलं. वडिलांच्या नावासकट. पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आलं. आत्या माझ्याजवळ कणसं सोलत बसल्या होत्या. त्यांच्या हातातलं कणीस खाली पडलं.

"अगं, ह्यास्नी कुनी सांगितलं न्हाई का?"

त्या तशाच उठून खिडकीशी गेल्या. चाचा भोरहून रोज एसटीनं येतात. मायाळू माणूस. घरून डब्यात शिरखुर्मा आणला तर पहिली वाटी आत्यांना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजी, पर नाव घेतल्याबिगर पोरगं सापडंल कसं?" आत्या मागं फिरल्या आणि पुन्हा कणसांपाशी येऊन बसल्या. मला चाचांचं पटलं होतं, हायवेवरची ना मी. पण आत्यांचा चेहरा बघून तोंड आवरलं. माझ्या तोंडाला लगाम नाही हे सगळं गाव सांगेल, तरी आवरलं.

त्यानंतर रोजच. नावं, नावं, नावं. कुणाची आई गेटजवळ थांबली, कुणाचे मित्र गाडीपाशी आले, कुणाची पर्स सापडली. रविवारी तर दिवसभर त्या भोंग्यातून कुणी ना कुणी हरवायचं आणि कुणी ना कुणी सापडायचं. हळूहळू आमचे कान बधिर झाले. आत्या मात्र प्रत्येक नावाला कपाळाला हात लावायच्या आणि उंबराकडे बघायच्या. मी चेष्टा करायचे, "आत्या, आसरांनी आता वही घातली आसंल. एवढी नावं त्यांच्या तरी कुठं ध्यानात ऱ्हायची?" आत्या म्हणायच्या, "हस बाई, हस."

मग तो वाढदिवसवाला आला.

पुण्याकडच्या पोरांचा घोळका होता. त्यांच्यातल्या एकाचा वाढदिवस. मित्रांनी चाचांच्या हाता-पाया पडून माइकवरून शुभेच्छा द्यायला लावल्या, आणि मग खेळच झाला. दर थोड्या वेळानं एकेक जण जायचा आणि त्या पोराचं नाव घेऊन ओरडायचा. बागेतली इतर माणसंही टाळ्या वाजवू लागली. तो लाजत होता, गोरटेला, दाढी नुकती फुटलेली. माझ्याकडून दोन प्लेट भजी घेऊन गेला आणि "मावशी, मिरची तळलेली द्या ना एक जास्त" म्हणाला. मी दिली. उन्हं उतरायच्या वेळेला तो पाण्यात हद्दीला बांधलेल्या दोरीच्या पलीकडं पोहायला गेला आणि परत आला नाही. यांनीच त्याला वर काढला. धक्क्यावर ठेवला तेव्हा त्याच्या मनगटाला मित्रांनी बांधलेली चमकीची फीत तशीच होती.

प्यायलेला होता तो. सगळ्यांना माहीत होतं, पोलिसांनीही तेच लिहिलं. मीही तेच म्हणत होते. पण गावात एकाही बाईनं तसं म्हटलं नाही. "दुपारधरनं नाव घेत हुते," एवढंच एकमेकींना सांगायच्या. दुसऱ्या दिवशी बोटवाले सगळे मिळून साहेबांकडं गेले आणि म्हणाले, काम करतो, पण एक अट आहे. माइकवर आमचं नाव घ्यायचं नाही. साहेब हसले आणि हो म्हणाले. तेव्हापासून चाचा बोटीवरच्या सगळ्यांनाच "बोटवाले भाऊ" म्हणू लागले. "बोटवाले भाऊ, धक्क्यावर या." कुणीही येऊन जायचं.

हे तसे देवभोळे नव्हेत. बारावी झालेत. "तसं काय नसतंय," म्हणायचे. पण त्या पोराला वर काढल्यापासून जेवताना मध्येच हात थांबायचा. मी विचारलं तर म्हणाले, "त्याचं नाव डोक्यातनं जात न्हाई. दिवसभर ऐकलं ना." मी म्हटलं, जाईल. आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. धरण काठोकाठ भरलेलं. त्या रविवारी सकाळपासून इतकं उकडत होतं, की कढईसमोर उभं राहवत नव्हतं. माणसं मात्र मावत नव्हती. दुपारनंतर पलीकडच्या डोंगरावर काळं दाटलं. परतीचा पाऊस असाच येतो, सांगून येत नाही, पण दिसतो. चाचांनी माइकवरून बोटी परत बोलावल्या. हंस एकेक करून धक्क्याला लागले आणि मोजल्यावर एक कमी भरला. नवरा-बायको आणि दोन लहान पोरं. बायकोची ओढणी पिवळी होती, एवढं कुणाला तरी आठवलं.

मोटारीची बोट दुरुस्तीला गेलेली. हे आणि दीर वल्ह्याच्या दोन होड्या घेऊन निघाले. यांनी शर्ट काढून धक्क्याच्या खुंटीला अडकवला. मोबाईल त्या शर्टातच राहिला. आत्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. मी गॅस बंद केला.

वारा सुटला तेव्हा पाणी काळं झालं आणि त्याच्यावर पांढऱ्या रेघा उठल्या. तेवढ्यात तिकीट खिडकीतला फोन वाजला. चाचा ओरडत बाहेर आले, "सापडली! सापडली! वाऱ्यानं पलीकडं लागली बोट. पोरं बरी हाईत, तिथल्या लोकांनी देवळात बसवलंय."

माझ्या तोंडून "आई गं" निघालं. मी खाली बसले. आणि बसल्या बसल्या लक्षात आलं, की हे यांना कोण सांगणार?

चाचांनी माइकवर सांगितलं. "बोटवाले भाऊ, माणसं सापडली आहेत. परत या." दोनदा, चारदा, कितीतरी वेळा. दीर वळले. ते जवळच होते. धापा टाकत धक्क्याला लागले आणि म्हणाले, "म्या वराडलो त्याला. वाऱ्यात ऐकू गेलं न्हाई. त्यानं मला हातानं खुणवलं, तू जा म्हनून. दोन लेकरं हाईत वैनी. ती घावल्याबिगर त्यो यायचा न्हाई."

मला यांची होडी दिसत होती. हे उभे राहून चहूकडं बघत होते, मग बसून वल्हवत होते, पुन्हा उभे राहत होते. जिकडं काळं होतं तिकडंच चालले होते. तिथं नसलेली दोन पोरं शोधत होते. आत्यांनी आमच्या घरची हाक घातली. वाऱ्यानं ती त्यांच्या तोंडातच परत कोंबली. मी कढईवर झारा बडवला. दिरांनी शिट्टी फुंकली. भोंगा ओरडतच होता, बोटवाले भाऊ, बोटवाले भाऊ, पण दिवसभर कुणी ना कुणी सापडल्याचं सांगणारा भोंगा तो, त्याच्याकडं कोण लक्ष देणार? हजार आवाजांतून माणसाला एकच आवाज वेगळा ऐकू येतो, तो आपल्या नावाचा. हे मला कुणी शिकवायला नको.

चाचा या मोसमातच आलेले. त्यांनी माइक हातानं झाकला आणि आमच्याकडं बघितलं.

"नाव काय त्यांचं? नाव घेऊन बोलावतो. लवकर सांगा."

आत्या होत्या, सख्खी आई. दीर होते, सख्खा भाऊ. गावातले आठ-दहा जण होते, ज्यांनी यांना अंगाखांद्यावर खेळवलेलं. एकाचंही तोंड उघडलं नाही. चाचा पुन्हा म्हणाले, "अवो, नाव सांगा की!" दीर जमिनीकडं बघत होते. आत्यांनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड अजून आठवते मला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तितं न्हाई. पान्यात हाय त्यो आत्ता."

"आत्या, विजा पडत्यात वो!"

"ईज चुकंल. हे चुकायचं न्हाई."

मी हात हिसडला. आयुष्यात आत्यांना पहिल्यांदा हिसडा मारला. खिडकीत शिरले, चाचांच्या हातातून माइक घेतला, आणि तोंड उघडलं तर बाहेर काय पडावं? "अवोऽऽ!"

सगळ्या धरणावर माझं "अवो" घुमलं. छपराखाली पावसाच्या भीतीनं दाटलेल्या पाव्हण्यांमधले पाच-सहा नवरे चमकून माझ्याकडं बघायला लागले. दुसरी वेळ असती तर मी हसून लोळले असते. मी डोळे मिटले आणि यांचं नाव घेतलं. आई आमची घ्यायची तसं, पोटातून, आडनावासकट. "पोरं सापडली! मागं फिरा!" म्हटलं. पुन्हा नाव. पुन्हा. माझा गळा फाटला.

दीर ओरडले, "वळला! वळला!"

होडी थांबली होती. हे उभे होते, आमच्याकडं तोंड करून. मग खाली बसले आणि वल्ही उचलली, तेवढ्यात पाऊस आला आणि त्या पावसात सगळंच गेलं. डोंगर, पाणी, होडी. किती वेळ गेला मला माहीत नाही. मी माइक सोडला नाही, चाचांनी मागितला तरी. मग धक्क्याच्या टोकाला लाकूड आपटल्याचा आवाज आला. दीर आणि दोघंतिघं धावले आणि यांना काखेत धरून वर घेऊन आले. तळहाताची सालं निघालेली, ओठ पांढरे. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून सगळ्यांच्या देखत रडले. लाजबिज काही वाटली नाही.

हे मात्र माझ्याकडं बघत नव्हते.

"नाव कुनी घेतलं?" त्यांनी विचारलं.

"म्या."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. भांडायला मला येतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि मागं वळून पाण्याकडं बघितलं. आत्या पावसातच उंबराखाली जाऊन बसल्या होत्या. स्वतःच्या हातातल्या बांगड्या काढून दगडांपुढं ठेवत होत्या.

माझ्या माहेरी फोनवर कळलं तेव्हा आई म्हणाली, "शाबास माजी वाघीन." गावात कुणी शाबास म्हटलं नाही. कुणी शिव्याही दिल्या नाहीत. बायका माझ्याकडं बघून हळू बोलायच्या, एवढंच. चाचा दोन दिवसांनी माझ्या गाडीपाशी आले. म्हणाले, "वहिनी, मला हे आधी कळतं तर मी तुमच्यावर ही पाळी आणली नसती." मी म्हटलं, चाचा, तुम्ही विचारलं म्हणून माझा माणूस घरी आला. आणि ते खरंच आहे. आजही मला तसंच वाटतं. कुणी काही म्हणो.

दिवाळी बरी गेली. यांच्या हातावर नवं कातडं आलं. मुलगी चार दिवस राहून गेली. मला वाटलं, मिटलं.

कार्तिकातली गोष्ट. भर दुपारी मी भज्यांचं पीठ कालवत होते, तर हे धक्क्याकडून चढ चढून आले.

"काय गं?"

"काय?"

"हाक मारलीस न्हवं?"

"न्हाई बा."

"अगं, नाव घिऊन मारलीस."

मी हसत म्हटलं, "एकदा घेतलं तर लई चटावलासा की!" ते हसले नाहीत. चेहरा असा झाला, की माझे पिठातले हात तसेच राहिले. "तुजाच आवाज व्हता," एवढं बोलून ते परत खाली गेले.

मग ते होतच राहिलं. कधी आठवड्यातून एकदा, कधी रोज. मी त्यांना भोरच्या कानाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी बॅटरी लावून बघितलं, कान स्वच्छ आहे म्हणाले, थेंब दिले. मी रोज इमानानं घातले. साहेबांना सांगून बोटीवरून काढून हिरवळीच्या कामावर घ्यायला लावलं. आत्यांनी काय काय केलं ते विचारू नका, खण, नारळ, कोंबडं. शेवटी मी यांना शिवऱ्याला नेलं, माझ्या भावाकडं. म्हटलं, इथं ट्रकच्या आवाजात कुणाच्या बापाची हाक ऐकू यायची नाही. नाहीच आली. पण हे तिथं अन्नाला शिवेनात. उंबऱ्यावर बसून सारखे कान देऊन असायचे, जणू कुणाचा फोन यायचाय. एके सकाळी कुणाला न सांगता एसटीत बसले. मी मागच्या गाडीनं धावत आले, तर धक्क्यावर उभे. पॅण्ट गुडघ्यापर्यंत ओली.

"कशाला बोलीवलंस?" मला म्हणाले. मी त्यांच्या पाठीमागं उभी होते. ते बोलले ते पाण्याकडं बघत.

"न्हाई बोलीवलं" हे शब्द ओठावर आले होते. ते गिळले.

"भाकरी झालीय," मी म्हटलं. "म्हनून बोलीवलं. चला घरी."

त्यांनी वळून बघितलं, मी जमिनीच्या बाजूला आहे हे त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग आले.

आसरा आहेत की नाहीत, मला माहीत नाही. आत्या म्हणतात, आहेत. मुलगी फोनवर म्हणते, बाबांना धक्का बसलाय, पुण्याच्या डॉक्टरला दाखवू, पुढच्या महिन्यात तिची परीक्षा झाली की दाखवणार आहोत. मला दोन्ही पटतं आणि दोन्हीनं झोप लागत नाही. मला एवढंच कळतं, की माझ्या माणसाला माझ्या आवाजात कुणीतरी तिकडून बोलावतंय. आणि त्या आवाजाला ते जातात, कारण तो माझा आहे.

म्हणून आता मी दिवसभर यांचं नाव घेते. लाज सोडली. हे हिरवळीवर पाण्याच्या कडेला गवत कापत असतात, मी गाडीवरून हाक मारते, उघड, नाव घेऊन, पुऱ्या गळ्यानं. उगाच. ताक प्या. टोपी घाला. जरा इकडं या. पाव्हणे हसतात, गावातल्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावतात, आत्या पहिले काही दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. आता त्या माझ्याजवळ कणसं सोलत बसतात आणि मी कामात गुंतले, की कोपरानं ढोसून म्हणतात, "मार गं, हाक मार." माझी हाक आधी पोचायला पाहिजे आणि या बाजूनं पोचायला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात असतं.

आधी एका हाकेला वळायचे. मान वर करून हात हलवायचे, मग मी पुन्हा कढईकडं वळायचे. काल तीनदा मारावी लागली.